पोलीस सेवेत राहून पुढचे शिक्षण : सरकारी पैसा कुठे मिळतो आणि कसा मिळवायचा

महाराष्ट्रात पोलीस शिपायाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २१,७०० रुपयांपासून सुरू होते. बाराने गुणले की वर्षाचे २,६०,४०० रुपये होतात, महागाई भत्ता वेगळा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे भरती होऊन पहिले वर्ष भरायच्या आतच ते दार बंद होते. तरीही दरवर्षी कितीतरी अंमलदार महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, हा अर्ज भरतात, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा घालतात आणि शेवटी अर्ज नाकारला गेल्याचे पाहून शिकायचा विचारच सोडून देतात. हे थांबले पाहिजे, कारण पैसा आहे. तो फक्त वेगळ्या वाटेने येतो.

ती वाट आधी नीट समजून घ्या. पोलिसाला शिक्षणासाठी सरकार सहसा फी देत नाही, वेळ देते आणि त्या वेळेचा पगार देते. अध्ययन रजेचे सगळे गणित याच पायावर उभे आहे. फी भरायची जबाबदारी सामान्यपणे रजा घेणाऱ्याचीच असते; ती सरकारने भरणे हा अपवाद, आणि त्यासाठी स्वतंत्र मंजुरी लागते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना पहिला प्रश्न ‘फी किती’ हा नसावा. ‘किती महिने कामावरून दूर राहावे लागेल आणि ते महिने कोणत्या रजेत बसतील’ हा असावा.

अध्ययन रजेचे आकडे

राज्याच्या पोलिसांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. गोवा पोलीस आणि सीआरपीएफ, सीआयएसएफ, बीएसएफमधले मराठी जवान केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांखाली येतात. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी १९६० ची वेगळी विनियमावली आहे. राज्य आणि केंद्र या दोन्हींच्या अध्ययन रजेचा साचा जवळजवळ एकच आहे:

– किमान पाच वर्षे सेवा झालेली हवी.
– रजेवरून परतल्यानंतर निवृत्तीला किमान तीन वर्षे उरलेली हवीत.
– एका वेळी साधारण १२ महिने, संपूर्ण सेवेत मिळून २४ महिने.
– असाधारण (विनावेतन) रजा सोडून दुसरी रजा जोडली तरी एकूण गैरहजेरी साधारण २८ महिन्यांच्या वर जाऊ नये, पीएच.डी.साठी ही मर्यादा ३६ महिने.
– अभ्यासाचा विषय तुमच्या कर्तव्याशी थेट आणि जवळून निगडित हवा.

ही रजा तुमच्या शिल्लक रजेतून वजा होत नाही, हा तिचा सर्वांत मोठा फायदा. अर्जित रजा १५-१५ दिवसांनी जानेवारी आणि जुलैमध्ये जमा होते, ती तशीच राहते. मात्र रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे तत्त्व अध्ययन रजेलाही लागू आहे.

रजावेतनाबाबत केंद्राचा नियम स्पष्ट आहे. भारतातच शिकत असाल तर रजेवर जाण्याआधीचे वेतन, शिवाय महागाई भत्ता आणि नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. त्यासाठी कोणतीही शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा अर्धवेळ कामाचा मोबदला मिळत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. असे काही मिळत असेल तर ती रक्कम रजावेतनातून वळती होते, पण रजावेतन अर्धवेतनी रजेच्या रकमेखाली जात नाही. राज्याच्या आस्थापनेवर असाल तर रजावेतन कोणत्या दराने मिळणार, महागाई आणि घरभाडे भत्त्याचे काय, हे मंजुरी आदेशात शब्दांत लिहून घ्या. आदेशात नुसते ‘अध्ययन रजा मंजूर’ असले तर वेतन देयक बनवणारा लिपिक आपल्या समजुतीने देयक लावतो आणि तुम्ही सहा महिने थकबाकीच्या मागे फिरता.

कोणता अभ्यासक्रम या चौकटीत बसतो

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात, आणि सर्वांत जास्त फसतात एलएल.बी.त.

तीन वर्षांचे एलएल.बी. म्हणजे ३६ महिने. अध्ययन रजा जास्तीत जास्त २४, इतर रजा धरून २८. गणित जुळत नाही. मग काही जण नोकरी करत ‘नियमित’ प्रवेश घेतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, आणि दूरशिक्षणातून कायद्याची पदवी चालत नाही. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर तुम्ही सकाळी ११ वाजता वर्गात, आणि ठाण्याच्या दैनंदिनीत त्याच दिवशी सकाळी ११ वाजता बंदोबस्ताला. दोन्ही सरकारी दप्तरात टिकणारे कागद आहेत. पुढे कोणी तक्रार केली किंवा माहिती अधिकारात दोन्ही मागवले, तर पदवीही अडचणीत येते आणि विभागीय चौकशीही मागे लागते. कायद्याची पदवी हवीच असेल तर असाधारण रजा जोडण्याचा मार्ग आहे; ती २८ महिन्यांच्या मर्यादेत धरली जात नाही. लोकहिताचा अभ्यासक्रम असल्याचे प्रमाणित झाले आणि तीन वर्षांची सलग सेवा असेल तर २४ महिन्यांपर्यंत ती मिळू शकते, पण ती विनावेतन असते. म्हणून हा पर्याय घरातले दुसरे उत्पन्न नीट मोजूनच घ्यावा.

ज्यांच्याकडे भरतीपूर्वीच एलएल.बी. आहे, त्यांच्यासाठी एक वर्षाचे एलएल.एम. मात्र अगदी फिट बसते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश क्लॅट या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. १२ महिन्यांच्या एका रजेत काम संपते, मुदतवाढीचा प्रश्नच येत नाही.

न्यायवैद्यक शास्त्र, सायबर सुरक्षा, गुन्हेगारीशास्त्र यांतले पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतेक दोन वर्षांचे असतात. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक शास्त्र विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ ही दोन्ही २०२० च्या केंद्रीय कायद्यांनी उभी राहिली आहेत, आणि पहिल्याचे गोव्यातही संकुल आहे. दोन वर्षांसाठी अर्ज करताना पहिल्याच प्रस्तावात पूर्ण २४ महिने मागा आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त का लागतात ते अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकासह लिहा. ‘आधी १२ मिळू देत, पुढचे पुढे बघू’ असे केले तर दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर निवडणूक किंवा नवे वरिष्ठ आड येतात आणि अर्धा अभ्यासक्रम हातात राहतो.

आणि अर्धा अभ्यासक्रम महाग पडतो. रजेनंतर तीन वर्षे सेवा केली नाही किंवा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र सादर केले नाही, तर रजेच्या काळात मिळालेले रजावेतन आणि सरकारने केलेला इतर खर्च व्याजासह परत करावा लागतो. मूळ वेतन ३०,००० धरले तर १२ महिन्यांचे नुसते मूळच ३,६०,००० होते, त्यावर महागाई भत्ता. बंधपत्रावर सही करण्याआधी हा आकडा स्वतःच्या वेतनावर काढून घरच्यांना दाखवा.

पूर्ण रजा नको असेल तर

बहुसंख्य अंमलदारांना पदवी हवी असते, आणि तिच्यासाठी मुक्त विद्यापीठ हाच सर्वांत सोपा मार्ग. ही विद्यापीठे सार्वजनिक पैशावर उभी असल्याने त्यांची फी कमी असते. नोकरदाराला मिळणारी ही खरी सवलत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले आणि तिथे मराठीत शिकता येते. केंद्राचे मुक्त विद्यापीठ इग्नू १९८५ चे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. इग्नूत गुन्हेगारी न्यायावरचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आणि सायबर कायद्यावरचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तपासात काम करणाऱ्यांना दोन्ही उपयोगाचे.

इग्नूची बी.ए. तीन ते सहा वर्षांत, एम.ए. दोन ते चार वर्षांत पूर्ण करता येते. या लवचीकतेचा उपयोग करा, कारण तिच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये येतात. पोलिसाच्या वर्षात जून म्हणजे पालख्यांची तयारी आणि प्रस्थान. डिसेंबर म्हणजे ६ तारखेची चैत्यभूमी, नागपूरचे हिवाळी अधिवेशन, मग ३१ डिसेंबर आणि लगेच १ जानेवारीचा कोरेगाव भीमाचा बंदोबस्त. ज्या सत्रात तुमचे घटक बाहेर जाणार हे माहीत आहे, त्या सत्रात दोनच पेपर ठेवा, बाकीचे पुढच्या सत्रात. परीक्षेचा अर्ज दर वेळी नव्याने भरायचा असतो आणि केंद्र त्यातच निवडायचे असते. बदली झाली असेल तर जुनेच केंद्र टाकू नका. प्रवेशपत्र आणि वेळापत्रक हातात आले की त्याच दिवशी प्रत जोडून रजेचा अर्ज द्या. पेपरच्या आदल्या रात्रीची नाइट टाळून मिळावी ही विनंती त्याच अर्जात करा. तोंडी सांगितलेले बंदोबस्ताच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रवेशाआधी एक तपासणी चुकवू नका. दूरशिक्षणाचा प्रत्येक अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोने (डीईबी) त्या शैक्षणिक वर्षासाठी मान्य केलेला असावा लागतो. विद्यापीठाला मान्यता असणे आणि त्या अभ्यासक्रमाला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. ‘सहा महिन्यांत पदवी’, ‘मागच्या तारखेने प्रवेश’ असे कोणी सांगितले तर तिथून निघून या. अशी पदवी सेवापुस्तकात लावली गेली तर फसवणुकीचा गुन्हा तुमच्यावरच होतो.

थोडे दिवस हवे असतील तर परिवर्तित रजा लक्षात ठेवा. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवायही, लोकहिताचा म्हणून मान्य झालेल्या अभ्यासक्रमासाठी संपूर्ण सेवेत १८० दिवसांपर्यंत अर्धवेतनी रजा परिवर्तित करता येते. त्यातून पूर्ण वेतनाचे ९० दिवस हाती येतात. प्रबंधाचे शेवटचे लेखन, प्रयोगशाळेतले प्रात्यक्षिक किंवा उन्हाळी संपर्क सत्र यांसाठी हे ९० दिवस सोन्यासारखे आहेत. बऱ्याच आस्थापना शाखांत ही तरतूद कोणी वापरलेलीच नसते, म्हणून अर्जात नियमाचा उल्लेख करा.

फीचे काय

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर त्यांच्यासाठी राज्याची वेगळी योजना आहे: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क प्रदान, जिला सगळे फ्रीशिप म्हणतात. शिष्यवृत्ती नाकारली गेलेल्या अंमलदारांनी महाडीबीटीवर खरे तर हीच योजना उघडायला हवी होती. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश इथे चालत नाही. अर्जात नोकरी लपवू नका. आणि अध्ययन रजेवर असाल तर मिळालेली शुल्कमाफी रजावेतनाच्या प्रमाणपत्रात नमूद करा. पुढे लेखापरीक्षणात ती सापडली तर वसुलीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे खोट्या प्रमाणपत्राचा ठपका.

खुल्या प्रवर्गासाठीची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आठ लाखांच्या मर्यादेत आहे, पण अर्धवेळ आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना ती नाही. पोलीस कल्याण शाखेच्या शैक्षणिक मदतीचा भर साधारणपणे पाल्यांवर असतो. स्वतःसाठी विचारायला हरकत नाही, पण बेत तिच्यावर उभा करू नका. शैक्षणिक कर्ज घेतलेच तर व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, मात्र फक्त जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

प्रस्ताव कसा चालवायचा

शैक्षणिक वर्ष जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये आत गेला पाहिजे. प्रवेश नक्की होण्याची वाट पाहू नका. प्रवेश परीक्षेला बसण्याची परवानगी आणि अध्ययन रजेचा प्रस्ताव यांसाठी स्वतंत्र अर्ज द्या. आधी परवानगी, मग प्रवेश. हा क्रम उलटला तर पदवी मिळूनही ती सेवापुस्तकात नोंदवताना अडते.

अर्ज प्रभारी अधिकाऱ्यामार्फत, त्यांच्या शिफारशीसह, उपविभागीय अधिकाऱ्यांकडून अधीक्षक, आयुक्त किंवा समादेशकांकडे जातो. तिथून गरजेप्रमाणे महासंचालक कार्यालय आणि गृह विभाग. सोबत अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक (सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख ठळक केलेले), रजा लेख्याचा उतारा, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, यापूर्वी घेतलेल्या अध्ययन रजेची माहिती आणि बंधपत्राचा मसुदा लावा. आवक क्रमांक टाकलेली दुय्यम प्रत घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

सगळा अर्ज एका परिच्छेदावर ठरतो: विषयाचा कर्तव्याशी संबंध. ‘माझ्या ज्ञानात भर पडेल आणि खात्याला फायदा होईल’ हे वाक्य कोणीही कोणत्याही विषयासाठी लिहू शकतो, म्हणून ते कोणी वाचत नाही. असे लिहा:

‘मी गेल्या चार वर्षांपासून तपास पथकात नेमणुकीस असून मालमत्तेच्या आणि ऑनलाइन फसवणुकीच्या गुन्ह्यांचा तपास करीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. सदर अभ्यासक्रमातील डिजिटल पुराव्याचे जतन आणि घटनास्थळ व्यवस्थापन हे विषय या कामाशी थेट निगडित आहेत. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर किमान तीन वर्षे सेवेत राहण्याचे बंधपत्र देण्यास मी तयार आहे.’

पथक, गुन्ह्यांचा प्रकार, कलम, विषय: चारही गोष्टी तपासता येतात. अशा टिप्पणीवर वरच्या कार्यालयाला नकाराचे कारण शोधावे लागते.

नकार बहुतेक वेळा मनुष्यबळाच्या कारणाने येतो आणि ते कारण खरे असते. ठाण्यातून एक माणूस वर्षभर कमी होणार, बदली माणूस मिळणार नाही, गणेशोत्सव तोंडावर. म्हणून एकाच ठाण्यातल्या दोघांनी एकाच वर्षी अर्ज करू नये. आपसात ठरवून मागे-पुढे करावेत. ज्या वर्षी विधानसभा किंवा लोकसभा आहे, त्या वर्षीचा अर्ज अडकण्याची तयारी ठेवा. निवडणुकीच्या काळात पोलीस दल आयोगाच्या अखत्यारीत असते.

फाइल नुसतीच पडून असेल तर मात्र गप्प बसू नका. राज्याच्या २००५ च्या बदल्यांचे विनियमन आणि विलंब प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे कोणत्याही टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय व्हावा. स्मरणपत्रात आवक क्रमांक आणि तारीख एवढेच लिहा, सूर साधा ठेवा. मग ओ.आर.मध्ये (ऑर्डर्ली रूम, म्हणजे वरिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकतात ती भेट) साहेबांसमोर उभे राहून दोन वाक्यांत मागणी मांडा. लेखी नकार आला आणि तो नियमाला धरून नाही असे वाटले, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तिथे जाण्याची मुदत सामान्यपणे एक वर्ष.

रजेवर जाताना आणि परतताना

प्रलंबित तपास, केस डायऱ्या आणि मुद्देमाल यांचा ताबा यादीनिशी द्या आणि यादीवर घेणाऱ्याची सही घ्या. वर्षभराने मुद्देमालात तफावत निघाली तर विचारणा तुम्हालाच होते. साक्षीचे समन्स रजेतही येतात आणि जावेच लागते. अशा प्रत्येक तारखेचा न्यायालयाचा हजेरी दाखला महाविद्यालयात जमा करा, नाहीतर हजेरीची टक्केवारी घसरते. शासकीय निवासस्थान रजेच्या काळात ठेवता येईल का, याचा निर्णयही आदेशासोबतच मागून घ्या.

अभ्यासक्रम रजेच्या आधी संपला तर लगेच हजर व्हा. उरलेले दिवस घरी काढायचे असतील तर ते साध्या रजेत धरण्याची मंजुरी आधी घ्यावी लागते. हजर होताना अभ्यासक्रम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असलेले संस्थेचे प्रमाणपत्र व गुणपत्रक सादर करा.

केंद्राच्या सेवेत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. सेवेत आल्यानंतर मिळवलेल्या आणि कामाशी थेट संबंध असलेल्या उच्च पात्रतेसाठी केंद्राने मार्च २०१९ पासून एकरकमी प्रोत्साहन ठेवले आहे: पात्रतेनुसार १०,००० ते ३०,००० रुपये, पीएच.डी.ला सर्वाधिक. पण त्या पात्रतेसाठी अध्ययन रजा घेतली असेल तर हे मिळत नाही. त्यामुळे इग्नूतून नोकरी सांभाळत पदविका करणाऱ्याला ते मिळू शकते, वर्षभर रजा घेणाऱ्याला नाही. ते आपल्या दलाला कसे लागू आहे हे लेखा शाखेत लेखी विचारा आणि दावा पात्रता मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करा.

राज्य पोलिसांनी निकाल लागल्यावर करायचे काम एकच. परवानगी आदेशाची प्रत, गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र जोडून सेवापुस्तकात नोंद घेण्याचा अर्ज द्या, आणि महिन्याभराने स्वतः आस्थापना शाखेत जाऊन ते पान उघडून पाहा. नोंदीखाली कार्यालयप्रमुखांची सही आणि तारीख असेल तरच ती धरली जाते. नुसती लिपिकाच्या अक्षरातली ओळ पुरत नाही.